बरबटीची सोयरीक

पुस्तकात चवळी, नागपुरात बरबटी.
कॉलेजच्या मागच्या प्लॉटमध्ये सव्वीस ओळी,
प्रत्येकीला पत्र्याची पाटी, पाटीवर नंबर.
वंशावळीची वही उघडली तर
सव्वीसपैकी एकोणीस जणींचं आजोळ एकच.

आमच्या भाषेत याला अरुंद पाया म्हणतात.
सुगंधाबाई कुमरे म्हणाली,
"म्हंजे घरातल्या घरातच सोयरीक.
मंग मावा आला का साऱ्याइले संगच येणार न, मॅडम."
माझ्या प्रबंधात यासाठी अठ्ठावीस पानं गेली होती.

फुलाचा काही दोष नाही.
उमलायच्या आधीच, मिटल्या पाकळ्यांच्या आत
ते स्वतःशीच लग्न लावून मोकळं होतं.
सकाळी उघडतं ते नुसतं रिसेप्शन.
मधमाश्या येतात, जेवून जातात.

म्हणून आदल्या संध्याकाळी जायचं.
उद्या उमलेल अशी कळी बोटांत धरायची,
चिमट्याने तिची शिवण उसवायची
आणि पुंकेसर मोजून काढायचे, दहा.
नऊ एकत्र कुटुंबातले, दहाव्याचं बिऱ्हाड वेगळं.
तो एकटा आत राहिला तर सगळं खोटं.
माझा हात कापतो. बाईचा नाही,
तिच्या चष्म्याची एक काडी मात्र दोऱ्याची आहे.
लाल दोरा, चिठ्ठी, आणि पेन्सिलच,
शाई पावसात पळते.

नवरदेव तिनेच आणलेला,
देवलापारकडच्या नाल्याकाठून, बिस्किटाच्या पुड्यात.
कोणाच्या तरी वावरातून कधीतरी पळालेली,
रानात राहून रानाचीच झालेली जात.
बी मुगाएवढं, काळं, ठिपक्यांचं,
भिजवलं तरी दोन दिवस ढिम्म.
शेंग खरबरीत, चव कडवट,
पण अंगावर मावा टिकत नाही.

सकाळी महाराजबागेतला वाघ एकदा ओरडतो,
तेव्हा आम्ही पराग लावत असतो.
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी अख्खं शहर मारबतीमागे गेलं,
कळ्यांना सुट्टी कुठली.
बाई ओळीत उकिडवी, अंगठ्याने मावा चिरडत पुटपुटत होती,
"हा बी घेऊन जा गे मारबत."

दोनशे चौदा कळ्या.
शेंगा धरल्या सात.
साहेबांनी विचारलं, हेक्टरी किती क्विंटल?
मी मूठ उघडून दाखवली, पूर्ण भरलीही नव्हती.

पुढच्या वर्षी ते बी उगवलं आणि सरळ बापावर गेलं:
वेल पाटी ओलांडून शेजारच्या ओळीत,
तिथून पाण्याच्या पाइपावर.
आणि शेंग वाळली की भर दुपारी
तड् करून, पिळून, बी फेकायची.
आम्ही मच्छरदाणीच्या पिशव्या शिवून बांधल्या.
एक शेंग पानाआड राहिली.
मी चहा प्यायला गेले होते,
आल्यावर बाई म्हणाली, "गेली न बापा उधळून."

काळ्या मातीच्या भेगांत
आम्ही दोघी गुडघ्यांवर, केसातली पिन घेऊन.
रिकाम्या टरफलातली घरं मोजली, चौदा.
हाताला लागली नऊ.
नऊही दिसायला सारखी, तेच ठिपके, तोच रंग,
कारण वरचं कातडं आईचं असतं;
आत कोण काय घेऊन बसलंय
ते पेरल्याशिवाय कळत नाही.
मी वहीत लिहिलं: नऊ.
मग कंसात: पाच हरवली.

ही वही आता भरत आलीय.
काल कुंपणाच्या तारेवर, प्राणिसंग्रहालयाच्या बाजूला,
एक वेल दिसली. कोणी पेरलेली नाही.
फिकट जांभळं एकच फूल,
नऊ वाजता मिटलंही.
मी पाटी आणि तार घेऊन निघाले,
तर सुगंधाबाईने हात धरला.
"थांबा न जरा. नंबर कायले लगेच?
पहिले मावा येते का नाही ते पाहू."